शेवटच्या लाँचआधी

लाँचमधून सगळी माणसं उतरली, भाजीच्या पाट्या उतरल्या, एक सायकलही उतरली. पण बदलीचा पंपवाला काही उतरला नाही.

टाकीबाई पिशवी घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. बेटाला पाणी सोडायचं काम त्या एकोणतीस वर्षं करत होत्या, आणि त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. संध्याकाळी सहाला पंप सुरू केला की रात्रभरात टाकी भरायची. एक दिवस पंप बंद राहिला, तर सकाळी अख्खं बेट कोरडं. म्हणून दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी महिनाभर आधी दिला होता.

"फोन आला होता त्याचा," तिकीटवाला म्हणाला. "पाठ धरलीय म्हणे. आता काय, घरी जाता परत?"

त्यांनी टेकडीवरच्या टाकीकडे पाहिलं. "तिकडून शेवटची लाँच किती वाजता?"

"साडेचारला. पण कार्यक्रम तर संध्याकाळी ना तुमचा?"

"दे तिकीट."

धाकटा भाऊ आज पन्नाशीचा होत होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्या तेरा. त्याला न्हाऊमाखू घालून, त्याची पाटी-पुस्तकं सांभाळून त्यांनीच वाढवला, पुढे शिकायला पलीकडे धाडला, आणि तो पलीकडचाच झाला. वर्षातून एखाद-दुसरी भेट, तीही धावती. गेल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला होता : "ताई, यांच्या जन्माच्या वेळचं माहीत असलेलं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. तुम्हीच दोन शब्द बोला." तेव्हापासून पंपाच्या खोलीत, त्या धडधडाटात, त्या रोज मोठ्यानं सराव करत होत्या. पंपानं एकदाही हुंकार चुकवला नव्हता.

लाँचनंतर बस. पोचेपर्यंत बारा वाजले.

दार उघडलं ते डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या भावजयीनं. बैठकीच्या खोलीत खुर्च्यांची चळत होती आणि पुतणी स्टुलावर चढून भिंतीवर कागदी अक्षरं चिकटवत होती. टाकीबाईंनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. भावजयीचा चेहरा पडला.

"अहो, पण हे तर सकाळपासून बाहेर आहेत. मांडववाला, केकवाला... फोनही उचलत नाहीयेत."

"येईल की. अडीचच्या बसला अजून वेळ आहे."

त्या कागदी रुमालांच्या घड्या घालत बसल्या. शंभर घड्या झाल्या. भावजयीनं संध्याकाळच्या पातेल्यातलं पहिलं ताट त्यांना वाढलं. समोरच्या भिंतीवर भावाचे फोटो होते : नोकरीतले, लग्नातले, सहलीतले. प्रत्येक फोटोत तो थोडा थोडा वाळत गेलेला. लहानपणी गोलमटोल होता म्हणून त्याला ढब्ब्या म्हणायचे, हे या घरात कुणाला सांगून पटलं नसतं.

सव्वादोनला तो आला, पांढरा सदरा घामानं भिजलेला. दारातच सगळं कळलं. त्यानं त्यांची पिशवी उचलली आणि दोघं बसथांब्याकडे चालू लागली.

"आजचा दिवस राहा ना, ताई."

"आणि पाणी कोण सोडणार? तुझा बाप?"

"तो तुझाही बाप होता," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. "मग तुझं ते भाषण?"

"चालता चालता सांगते. तू झालास ना, तेव्हा मी तुझं तोंड बघणार नाही म्हणून हटून बसले होते. मला बहीण हवी होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून. शेवटी आई म्हणाली, बघू नकोस हवं तर, पण धर जरा, मला पाणी प्यायचंय..."

बस आली. पिशवी घेऊन त्या घाईनं चढल्या, खिडकीशी बसल्या. शेजारी कुणीतरी टेकलं म्हणून पाहतात तर तोच.

"अरे वेड्या, माणसं येतील घरी."

"सातच्या आत येतो परत. पुढे सांग."

आठवडाभर घोटून पाठ केलेलं ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे. "पुढे काय? धरलं तुला. मग आईनं मागितलं तरी दिलं नाही."

"हे कधी बोलली नाहीस."

"तू होतास कुठे?"

मनात नसताना तोंडून निघून गेलं. त्याच्या खिशातला फोन वाजत राहिला. त्यानं तो बंद केला.

"पुढच्या वर्षी रिटायर होशील ना? मग ये इकडेच."

"बघू," त्या म्हणाल्या. त्याला बरं वाटावं म्हणून.

सकाळपासूनच्या धावपळीनं त्याचा डोळा लागला. मान हळूहळू कलली आणि त्यांच्या खांद्यावर आली. केस बरेच पांढरे झाले होते. हाताला मुंग्या आल्या, तरी धक्का येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

लाँच भोंगा देत होती. "जा आता, लोक खोळंबतील," त्या म्हणाल्या. "जातो," तो म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

लाँच सुटली तशा त्या मागच्या कठड्याशी जाऊन थांबल्या. धक्क्यावर बरीच माणसं होती. अंतर वाढत गेलं, चेहरे पुसट झाले, पण खांबाजवळचा तो पांढरा सदरा त्यांनी नजरेतून सुटू दिला नाही. दोनदा हात हलवला. मग तो सदरा खाली वाकला, एक पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागला.

त्यांनी घाईनं दुसरीकडे शोधलं. तोवर किनाऱ्यावरची सगळी माणसं एकसारखी झाली होती.