छतावरची कप्पी

बारा वर्षं दोघं नवरा-बायको शिडाच्या बोटीवर राहिले. किनारा धरून जायचं, खाडी दिसली की नांगर टाकायचा. एक स्टोव्ह, एक बिछाना. भांडून रुसून बसायलाही जागा नाही, तरी भांडण रोजचं! बायको त्याला ‘कप्तान’ म्हणायची, तेही टोमणा मारायचा असला की.

एक शिस्त मात्र दोघांनी कधी मोडली नाही. सुकाणूवर बसलेल्याने अधूनमधून केबिनच्या छतावर दोनदा ठोकायचं, म्हणजे मी आहे, झोप. खालच्याने आतून एकदा ठोकायचं, म्हणजे ऐकलं. तीन ठोके आले तर हातातलं टाकून वर यायचं.

त्या दुपारी छतावरची एक कप्पी सुटली होती. दोराला लोंबकळत लाकडावर आपटत होती.

“बांध गं ती,” नवरा म्हणाला.

“बांधीन हो कप्तान, काय आभाळ कोसळतंय?” असं म्हणून ती फणकाऱ्याने खाली जाऊन पडली. डोळा लागतो न लागतो तोच तीन ठोके आले. मेली कप्पी, म्हणत तिने कूस बदलली. तासाभराने वर आली तर सुकाणू मोकळं आणि नवरा नाही. समुद्राने त्याला परत दिलंच नाही.

लोकांना तिने सांगितलं, झोपले होते, काही ऐकलं नाही. पोटच्या लेकीलाही तेच. पण मन खातं ते खातंच.

आज सात महिन्यांनी बोटीचं गिऱ्हाईक येणार होतं. ही बोट एकदाची गेली की ठोकेही जातील, एवढीच तिला आशा. कारण ठोके काही थांबले नव्हते. कप्पी तिने तीन-तीन गाठी मारून आवळली होती, तरी बोटीवर पाय ठेवला की ते यायचेच. ती कानांवर हात दाबून बसायची.

सकाळी ती केबिनमध्ये भांडी बांधत होती. टक. टक. टक.

या वेळी पातेलं टाकून ती धावली. पायरीवर गुडघा फुटला. वर कोणी नव्हतं, नुसतं धुकं. कप्पी जागच्या जागी.

“आले हो, आले! ऐकलं होतं मी त्या दिवशी,” ती हुंदके देत म्हणाली. “कप्पी वाटली मला. वाटली कसली, वाटून घेतलं. रागात होते मी.”

बराच वेळ रडून ती त्याच्या जागी, सुकाणूपाशी बसली. सवयीने हात छतावर गेला आणि तिने दोनदा ठोकलं.

खालून, रिकाम्या केबिनमधून, एक ठोका आला.

तेवढ्यात धक्क्यावरून लेकीने हाक मारली, “आई, गिऱ्हाईक आलंय! बोट रिकामी झाली का गं?”

“परत पाठव त्यांना,” तिने डोळे पुसले. “आणि हळू बोल. तुझे बाबा आत्ता कुठे झोपलेत.”