सागवानी कवाड

"फांदी कुठून फुटली असती, ते आधी ठरवायचं. मग गाठ," आई स्टुलावरून म्हणाली. "कुठेही ठिपका दिला, की झालं उघडं प्लायवुड."

चष्म्याच्या दुकानाच्या दाराचं एक कवाड अस्सल सागवानी होतं. दुसरं वाळवीने खाल्लं, म्हणून तिथे प्लायवुडचं आलं. त्यावर रंगाने सागाच्या रेषा काढून त्याला जुन्याचा जोडीदार करायचं काम आईकडे होतं. जुन्याचं पॉलिश खरवडून झालं होतं. दोन्हींवर वार्निश शेवटी एकदमच चढायचं होतं. लेक कामावर जाता जाता तिचा डबा द्यायला थांबली होती.

आईने ओल्या रंगावरून रबरी फणी ओढली, मनगट जरासं थरथरवलं. लाकडाच्या रेषा उमटल्या.

"कसंय? चष्मेवाल्याच्या डोळ्यांत धूळ फेकायचीय. सोपं नाही, बाई."

"वरची रेष दोनदा तशीच आलीय."

"आली मुद्रितं तपासणारी!" आई हसली आणि चिंधीने ती रेष पुसून टाकली.

लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका काढणं तिच्या हाडीमाशी खिळलेलं. घरातलं संगमरवरी टेबल, शिसवी कपाट, सगळी आईच्या रंगांची करामत. लहानपणापासून ती त्यांत खोट दाखवत आली होती. आई पुसायची, पुन्हा काढायची. छान झालंय, असं लेकीच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आईला ते कळत असणारच, असं ती धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

आठवड्याने चष्मेवाल्याचा फोन आला. "ताई, बोलायला जीभ रेटत नाही. पण दुसरा रंगारी म्हणतोय, दोन्हींवर सरळ चॉकलेटी रंग मारतो."

"त्याला हात लावू देऊ नका. रेषा आईने त्याच दिवशी पुऱ्या केल्यात. राहिलेलं वार्निश मी करते."

"तुम्हाला जमतं?"

"जमवते."

त्या संध्याकाळी तिने घरी फळकुटांवर हात बसवला. पाचव्या फळकुटावर ओघळ आला नाही, तेव्हाच उठली.

सकाळी ती दुकानात पोचली, तेव्हा सुताराने नव्या बिजागऱ्यांसाठी कवाडं उतरवून भिंतीला शेजारी शेजारी टेकवली होती.

"आधी जुनं घेते," ती म्हणाली. "चुकलंच काही, तर आईच्या कामावर नको."

मुद्रित वाचावं तशी ती एकेक रेष वाचत गेली. डावीकडच्या कवाडात एके ठिकाणी रेषा जरा ताठ, ओढून आणल्यासारख्या. "हे आईचं. हे शेवटी." तिने ब्रश बुडवला आणि उजवीकडच्या कवाडाकडे वळली.

"थांबा, थांबा!" चष्मेवाल्याने डावं कवाड पुढे ओढून मागे डोकावून पाहिलं. "ताई, जुनं हे आहे. मागे कडीचे व्रण आहेत बघा."

तिने ब्रश बाजूला ठेवला. ज्याला ती ब्रश लावणार होती, त्या कवाडाकडे तिने पुन्हा पाहिलं. वरपासून खालपर्यंत, जवळून. चष्मेवाला उगाचच एक काच पुसत बसला.

"नाही ओळखता आलं, आई," ती मोठ्याने म्हणाली. "फार सुंदर झालंय गं."