बर्फाखालची शेवंती

सादाएने छपराखालची शेवटची कुंडी ओढत अंगणात आणली आणि तिच्यावरची गवताची चटई काढून घेतली. चाळीस कुंड्या झाल्या. छाटलेल्या बुंध्यांभोवती पुढच्या वर्षाचे कोंब नुकते वर आले होते.

"मरा एकदाच्या," ती म्हणाली.

नवऱ्याची शेवंती ही. उत्तरेच्या या गावात तिचे छत्तीस हिवाळे त्या कोंबांना वारा लागू नये, माती सुकू नये, याच पहाऱ्यात गेले होते. दक्षिणेच्या बेटावर, माहेरी कोचीला, आई वारली तेव्हाही तिला जाता आलं नाही. "चार दिवसांत सगळं जळेल," नवरा म्हणाला होता. तो स्वतः वर्षापूर्वी गेला, पण कुंड्या राहिल्या, आणि त्याचा शिष्य शिराहाताही.

"गुरुजींची फुलं या अंगणातून हलायची नाहीत, वहिनी," तो मान लववून सांगे. त्या लवलेल्या मानेपुढे नाही म्हणायला तिची जीभ रेटत नसे.

कोचीच्या बहिणीने मात्र फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. "मार्चअखेर ये. नाहीतर तुझ्यासाठी राखलेली खोली मी भाचीला देते. किती वर्षं थांबायचं गं?"

कुंड्या मेल्या की प्रश्नच मिटला. कुंड्या बाहेर काढल्या त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झाला तो आठवडाभर थांबला नाही. रस्ता बंद झाला. कुंड्या दिसेनाशा झाल्या, आणि सादाएला किती तरी वर्षांनी गाढ झोप लागली.

मार्चमध्ये रस्ता मोकळा झाला, तसा शिराहाता मालवाहू गाडी घेऊन आला. माफीचे शब्द तिने घोकून ठेवले होते. पण तो चिखलात गुडघे टेकून बसला होता.

"वहिनी, हे बघा तरी!"

वितळत्या बर्फातून चाळीसही कुंड्यांतले कोंब जाडजूड, हिरवेगार वर आले होते.

"गुरुजी असताना निम्मे कोंब तरी वाऱ्याने जायचे. तुम्ही बर्फाचं पांघरूण घातलंत! आता त्यांची जागा तुम्हीच घ्यायची. शेवंती मंडळात आजच सांगतो."

सादाए पायरीवर बसली. जिच्या माहेरी बर्फच पडत नाही, जिने इथेही कुंड्या कायम छपराखालीच पाहिल्या, तिला हे कुठून ठाऊक असणार?

शिराहाताने नवं रोप लावायला चाकू काढून एक कोंब धरला.

"तो नको," तिच्या तोंडून निघून गेलं. "बुंध्याला चिकटलेला दुबळा निघतो. लांबचा घ्या."

"बघा! अगदी गुरुजीच बोलले!" तो हसला.

तिला हसू आलं नाही. ती उठून आत गेली, दोरीने बांधलेल्या चाळीस चटया घेऊन आली आणि त्याच्या गाडीत टाकल्या.

"हे कशाला?"

"कुंड्याही चढवा. शनिवारी मी कोचीला निघतेय."

"अहो, पण गुरुजींची—"

"मी त्या मरायला ठेवल्या होत्या, भाऊजी."

शिराहाताने चाकू मिटला. मग त्याने पहिली कुंडी उचलली. दुसरी जड होती. ती सादाएने एका बाजूने धरली.