कुशाबाचा पेला

पोट लहान करायचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी लक्ष्मीला बजावलं होतं, सोडा नाही, सरबत नाही, दिवसभर घोट घोट पाणी. पण पाणी बघूनच तिला मळमळायचं. लेक श्रेया ओरडेल म्हणून ती भरलेली बाटली गुपचूप मोरीत ओतायची.

लक्ष्मी दवाखान्यातून घरी आली आणि आठवड्याभरात तिचा नवरा कुशाबा गेला. काळाचौकीच्या खोलीत दिव्याजवळ त्याच्यासाठी तुळशीचं पान घालून पाण्याचा पेला ठेवला. तो रोज संध्याकाळी रिकामा! "जिवंतपणी मेल्याने कधी स्वतः उठून पाणी घेतलं नाही, आता बरा येतो प्यायला," ती करवादायची.

तपासणीत डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "छान! पाणी व्यवस्थित जातंय पोटात."

लक्ष्मीने ओठांवरून जीभ फिरवली. तुळशीची चव लागली.