वेणीवर आलेली कात्री

शाळेतून चिठ्ठी आली, की आधी ती लपवायला जागा शोधणारी घरं तुम्हीही पाहिली असतील. मुलांचे गणवेश शिवणाऱ्या सूनबाईने चिठ्ठी बटणांच्या डब्यात तळाशी कोंबली. लेकीच्या डोक्यात उवा सापडल्याची ही तिसरी चिठ्ठी होती.

दोन महिन्यांत दोनदा तिने औषध आणून, दार लावून लेकीच्या केसांना चोळलं होतं. चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा मागचे पाढे पंचावन्न! औषधात दम नाही, असं ठरवून तिने आज कापडाची कात्रीच उचलली. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. एरवी घरभर फिरणाऱ्या भिंगरीने कमरेपर्यंतची वेणी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि हळूच म्हणाली, "आई, उद्या काप ना."

सूनबाईचा हात थांबला. ती तडक औषधाच्या दुकानात गेली, ती भांडायलाच.

दुकानातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. औषधाने उवा मरतात, पण लिखा बऱ्याचदा वाचतात आणि आठवड्याभरात फुटतात, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या दिवशी औषध पुन्हा लावायचं, आणि मधल्या दिवसांत ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवायची, असं त्यांनी समजावलं. सूनबाईने पाकीट कधी वाचलंच नव्हतं.

"घरात आणखी कोणाची डोकी तपासलीत?" बाईंनी विचारलं.

"माझं तपासलं. ह्यांना टक्कलच आहे. सासूबाईंना कसं विचारणार? काय वाटेल त्यांना!"

"मुलगी झोपते कोणाजवळ?"

"सासूबाईंजवळ," म्हणताना सूनबाईने जीभ चावली. भिंगरी रोज आजीच्याच उशीवर झोपायची.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! अहो, उवांना स्वच्छ डोकं आणि मळकं डोकं यातला फरक कळत नाही. तुमच्या संकोचाची शिक्षा त्या पोरीच्या वेणीला कशाला?"

घरी येऊन सूनबाई सासूबाईंच्या शेजारी बसली. गरज नसताना तिने सुईत दोनदा दोरा ओवला. मग म्हणाली, "आई, तुमचं डोकं जरा पाहू?"

सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला. "बघ गं बाई. महिनाभर खाजवतेय. सांगायची लाज वाटत होती. म्हटलं, तुला वाटेल म्हातारी घाणेरडी झाली."

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दुपारी खिडकीशी आजी आणि नात ओल्या केसांनी ओळीने बसल्या. औषध दोघींना एकाच दिवशी लावलं, आणि ठरल्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या कापडावर पुसलेली फणी स्वच्छ निघाली. सूनबाईने बटणांच्या डब्यातली चिठ्ठी काढली आणि भिंगरीच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या आईकडे स्वतः जाऊन सगळं सांगितलं.

वाचकहो, उवा होण्यात लाज नाही. लाज बाळगून गप्प बसलो, की चांगलं औषधही हरतं. नीट लावलेलं औषध, फणी आणि मोकळं बोलणं, तिन्ही लागतात.

भिंगरी आईबरोबर आभार मानायला दुकानात गेली. काउंटर तिच्या नाकापर्यंत येत होता. तिने लाल फितीची वेणी पुढे घेऊन वर ठेवली आणि म्हणाली, "बाई, ही बघा, वाचली."