चार बाय सहा, कडी वगळून

तोडफोड, मलबा खाली नेऊन टाकणे : ७,०००
नळकाम, नवे पाइप : १२,०००
वॉटरप्रूफिंग : ९,०००
टाइल्स, भिंतीला सात फुटांपर्यंत : २२,०००
कमोड, बसवण्यासह : ८,५००
दार पीव्हीसी, आतून कडी : ४,२००

एवढं कचरू मिस्त्रीनं वहीत लिहिलं, पान फाडलं आणि सत्यमच्या हातात दिलं. हर्सूलमधलं घर, पहिला मजला, चार फूट बाय सहा फुटांचं संडास-बाथरूम. खालच्या गाळ्यात किराणा दुकान होतं आणि दुकानदाराच्या साखरेच्या पोत्यावर वरचं पाणी टपकत होतं. शिवाय सत्यमच्या आईचा, भागूबाईचा गुडघा बदलला होता, तिला खाली बसता येत नव्हतं.

सत्यमनं खिशातला पेन काढून शेवटच्या ओळीतले दोन शब्द खोडले आणि कागद कचरूपुढं परत सरकवला.

"कडी नको. उद्या आई आत पडली तर दार तोडत बसायचं का?"

"बरोबर हाय साहेब," कचरू म्हणाला. "म्हातारं माणूस."

"मी नाय पडत," भागूबाई टीव्हीसमोरून म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

सत्यमची बायको सुरेखा चहा घेऊन आली होती. तिला कागद उलटा दिसत होता. तिनं तो उलटाच वाचला, खोडलेलं तेवढंच वाचलं.

*

कागदावर नसलेलं :

ओट्यापासून बाथरूमपर्यंत सात पावलं. पलंगापासून अकरा, पण पलंगापासून जमेलच असं नाही, मध्ये सत्यमचा हात येतो.

कडी लावायला फार वेळ लागत नाही. दार जुनं, जाड. सत्यम बाहेरून तळवे आपटायचा, लाथ मात्र जपून घालायचा, कारण दार त्याच्या पैशाचं होतं. सुरेखा बादली पालथी घालून तिच्यावर बसायची. रक्त आलं असेल तर धुवायची. भागूबाई टीव्हीचा आवाज वाढवायची. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरचा आवाज बसत जायचा आणि मग तो म्हणायचा, "चहा टाक." त्यानंतर कडी काढायची, आधी नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी तिला कडीचं सुचलं नव्हतं.

*

तोडफोड

"दार शेवटी काढा, मिस्त्री."

"ताई, चौकट आधी निघती. दुनियाभर तसंच. घण आत न्यायला जागा पायजे का नको?"

"आत फोडा की. दार असू द्या."

"दारात जीव अडकला का तुमचा?" कचरू हसला. माणूस सोयगावकडचा, हसताना मान खाली घालायचा. "आठ-दहा दिवस कळ काढा. संडासला खालच्या दुकानाचा वापरा, मी बोललोय त्यांच्याशी. आंघोळ गच्चीवर. आठ-दहा दिवसात काय व्हतंय?"

सुरेखा ओट्यावरचं पीठ झाकायला वळली.

चौकट दहा मिनिटांत निघाली. जुनं दार मिस्त्रीचं, ही या धंद्यातली रीत. मालकही विचारत नाही, मिस्त्रीही सांगत नाही. दुपारी कचरूच्या भाच्याचा टेम्पो सोयगावला निघाला होता, त्यात दार गेलं.

संध्याकाळपर्यंत जुन्या टाइल्स फुटल्या. घण पडला की ओट्यावरची भांडी हलायची. सुरेखा प्रत्येक घावाला डोळे मिटायची आणि कचरूला वाटायचं, धूळ जातेय.

*

पहिला दिवस : काही नाही.

दुसरा दिवस : सत्यमच्या कंपनीच्या बुटात सिमेंटची पूड. "कुणी ठेवलं हे इथं?" बूट तिच्या तोंडावर. ती धावली. सात पावलं. आत शिरून वळली आणि तिचा हात कडी होती त्या उंचीवर गेला. तिथं हवा होती. सत्यम चौकटीच्या भगदाडात येऊन उभा राहिला. कडीचं सुचल्यापासून पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये दार नव्हतं.

"लाव ना," तो म्हणाला. "लाव कडी."

मग आत आला. पंधरा-वीस मिनिटांचा हिशेब दाराशी होता, तो दाराबरोबर गेला होता. सत्यम त्याचा हात दुखेपर्यंत मारत राहिला. सुरेखा फुटक्या टाइल्सवर पडली, तिच्या तळहातात निळ्या चिनी मातीचे तुकडे रुतले. टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेवटच्या आकड्याला गेला, त्यापुढं आकडा नव्हता.

तिसरा दिवस :

"ओठाला काय झालं ताई?"

"टाइल उडाली."

"टाइल तर परवाच सगळी..." कचरू थांबला. त्यानं तिच्या ओठाकडे, मग तळहाताकडे, मग भिंतीतल्या चौकटीच्या खाचेकडे पाहिलं. बराच वेळ तो छिन्नीची धार अंगठ्यानं तपासत राहिला.

"दार परत मागवू का?" तो हळू बोलला. "बोकडाच्या खोपटाला लावलंय भाच्यानं. काढून आणतो."

"राहू द्या. बोकडाला तरी लागंल."

चौथा दिवस : कागदावर लिहिण्यासारखं नाही. बरगडी.

पाचवा दिवस : सत्यमला सुट्टी. तो पेढे घेऊन आला, भागूबाईला दिले, सुरेखाला दिले. सुरेखानं पेढा हातात धरून ठेवला. तो गरम होऊन बोटांना चिकटला.

*

वॉटरप्रूफिंग

सहाव्या दिवशी फरशीवर काळा थर सुकला होता. कचरूनं पाण्याच्या भोकात पोत्याचा बोळा ठोकून बसवला, दारात आडव्या विटांचा वीतभर बांध घातला, त्याला सिमेंट चोपडलं.

"आता पाणी भरायचं. चार बोटं. दोन दिवस कुणी पाय ठेवायचा नाय. खाली थेंब नाय आला, तरच टाइल्स."

"किती पाणी लागतं?"

"एक ड्रम. वर दोन बादल्या धरा."

"नळ परवा येऊन गेला. आता आठवडाभर नाही येत."

"मंग टँकर? माझ्या हातात काय हाय ताई. पाणी न भरता टाइल्स मारल्या तर साखर माझ्या डोक्यावर."

गच्चीवर ड्रम एकच होता. सुरेखानं बारा खेपा केल्या. बरगडी दुखत होती म्हणून बादली डाव्या हातात. प्रत्येक खेपेला बांधाशी थांबायचं, ओतायचं, वळायचं. दुपारी एकपर्यंत खोलीत चार बोटं पाणी उभं राहिलं, त्यात छताचा बल्ब दिसत होता. एक बादली तिनं बाजूला ठेवली. कचरू जेवायला म्हणून गेला तो परत येणार नव्हता, त्याचं आजचं काम संपलं होतं.

साडेतीनला सत्यम पहिल्या पाळीवरून आला. मे महिना, कंपनीत भट्टीपाशी काम. तो सरळ गच्चीवर गेला आणि तसाच खाली आला.

"ड्रममधलं पाणी कुठंय?"

"बाथरूममध्ये भरलंय. गळतंय का बघायला. मिस्त्री म्हणाले, दोन दिवस ठेवायचं."

"मी आंघोळ कशानं करायची? तुझ्या बापानं टँकर पाठवलाय का?"

"एक बादली ठेवलीय तुमच्यासाठी."

"एक बादली." त्यानं ती उचलली. भरलेली. भरलेलीच फेकली.

बादलीची कडा तिच्या गळ्याच्या हाडावर बसली. पाणी ओट्यावर, पिठाच्या डब्यात, फरशीवर. सुरेखाचे पाय निघाले. तिथं दार नाही हे तिला माहीत होतं. पायांना अजून नव्हतं.

एक.

दोन.

तीन, केस त्याच्या मुठीत.

चार, मुठीत केस राहिले, ती सुटली.

पाच, पाठीत लाथ, दुखऱ्या बरगडीवरच.

सहा, आता ओरडणं तिचं नाही, त्याचं, शिव्या, तिच्या आईच्या, तिच्या

सात. सकाळपासून बारा वेळा थांबलेल्या पायांना बांध ठाऊक होता. ते उडी मारून पलीकडे पाण्यात गेले.

त्याच्या पायांना बांध ठाऊक नव्हता.

आधी नडगी विटेवर. मग सुपारी फोडल्यासारखा आवाज. मग कपाळ भिंतीतून बाहेर आलेल्या पितळी नळाच्या तोंडावर. मग तोंड पाण्यात.

सुरेखा भिंतीला चिकटून उभी होती. ओला काळा थर शेवाळासारखा निसरडा झाला होता. सत्यमचे दोन्ही हात त्याच्याच अंगाखाली अडकले होते, चार फुटांच्या खोलीत त्याला ते काढता येईनात. त्यानं डोकं वर केलं, श्वास घेतला आणि पहिला शब्द बोलला तो तिच्यासाठीची नेहमीची शिवी होता.

तिनं त्याच्या मानेवर पाय ठेवला.

पाय आपोआप गेला, असं तिला पुढं कधी म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. तिनं ठेवला. दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकवले, चार फुटांत दोन्ही भिंती पुरतात, आणि भार दिला.

पाणी लाल झालं. बुडबुडे आले. तो मान वळवायचा, अर्धा श्वास घ्यायचा, ती दाबायची. वळवायचा, दाबायची. मोडलेला पाय बांधावरून बाहेर पडला होता आणि टाच फरशीवर वाजत होती. टीव्हीत कुणीतरी साडी विकत होतं.

वॉकरचा ठक. ठक. ठक.

भागूबाई बांधाशी येऊन उभी राहिली. तिनं मुलाच्या टाचेकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग सुनेच्या पायाकडे.

"मेला का?"

"नाही अजून."

भागूबाईनं वॉकरवरची पकड बदलली.

"मला दारच नव्हतं," ती म्हणाली. "आपलं तर परसाकडंला शेतात जायचं. ह्याचा बाप तिथं यायचा काठी घेऊन. ज्वारी उभी आसली तर लपता यायचं." तिनं पुन्हा टाचेकडे पाहिलं. "उन्हाळ्यात नाय."

सुरेखानं पाय दाबून धरला होता. अर्धा श्वास. बुडबुडे.

"काढ आता पाय."

"नाही काढत, आत्या."

"माझं पोरगं म्हणून नाय सांगत. व्हय, पोरगं हाय. पर त्याच्यापायी तू जेलात काहून जायचं? आन् जेल काय लांब नाय, पलीकडंच हाय. रोज दिसंन मला गच्चीवरून."

टाच वाजायची थांबली होती.

सुरेखा वाकली. पाय होता तिथंच ठेवून तिनं कोपऱ्यातला बोळा पकडला. कचरूनं तो घट्ट ठोकला होता. तिनं नखं घालून ओढला, एक नख उलटं झालं, बोळा निघाला. पाणी गुरगुरत जाऊ लागलं. चार बोटं. तीन. बारा खेपा भोकातून जाताना ती बघत राहिली. दोन बोटांवर सत्यमचं नाक उघडं पडलं आणि त्यानं हवा ओढली, फाटक्या भात्यासारखी, खोकला, पाणी, रक्त, पुन्हा हवा.

मग तिनं पाय काढला. त्याच्या कानाशी बसली.

"आज तुझ्या आईनं सांगितलं म्हणून सोडलं," ती म्हणाली. अकरा वर्षांत ती त्याच्याशी कधी एकेरीत बोलली नव्हती. "पुन्हा अंगाला हात लावलास, तर ती बाहेरगावी जायची वाट बघीन. ऐकलंस का?"

सत्यमनं गाल फरशीवर घासत मान हलवली.

"टीव्ही बंद करते," भागूबाई म्हणाली आणि ठक ठक करत गेली.

*

सरकारी दवाखाना, केसपेपरची खिडकी, वीस रुपये

"कसं लागलं?"

"बाथरूममध्ये पडले."

खिडकीतल्या माणसानं वर न बघता टाइप केलं. हे वाक्य सुरेखानं याच खिडकीवर आधी तीनदा सांगितलं होतं, मनगट, कान, पुन्हा मनगट. तेव्हा पडणारी ती होती. टाइप करणारा तोच होता की दुसरा, तिला आठवेना.

स्ट्रेचरवर सत्यम डोळे उघडे ठेवून पडला होता. डॉक्टरनं त्याला वेगळं विचारलं. त्यानं सुरेखा कुठं उभी आहे ते पाहिलं. मग म्हणाला, "पडलो."

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. कपाळाला सहा टाके.

*

दुरुस्ती

दोन दिवसांनी कचरू आला. बाथरूम कोरडं. त्यानं बोळा उचलून पाहिला, भोकाच्या कडेला राहिलेला तपकिरी डाग पाहिला.

"पाणी कुणी सोडलं?"

"म्या," भागूबाई म्हणाली. "मला घाईची लागली व्हती."

कचरूनं तिच्या वॉकरकडे पाहिलं. पलंगावर सत्यम होता, मांडीपर्यंत प्लास्टर, कपाळावर पट्टी. एवढ्या दिवसांत कचरूनं या माणसाला पहिल्यांदाच गप्प पाहिलं होतं. सुरेखा खाली बसून मेथी निवडत होती.

"परत भरावं लागंल पाणी," कचरू म्हणाला. "टँकरवाला ओळखीचा हाय, सांगतो. ते पैसे माझ्याकडून धरा. दार मी काढलं व्हतं."

त्यानं खिशातून अंदाजाचा कागद काढला, पलंगाजवळ गेला.

"दाराची ऑर्डर द्यायचीय साहेब. कडी खोडलीय हितं. तसंच ठेवू?"

सत्यमनं सुरेखाकडे पाहिलं.

"कागद इकडं द्या," ती म्हणाली. हात पदराला पुसून तिनं कचरूच्या कानावरची पेन्सिल मागितली. पीव्हीसी खोडलं. कडी परत लिहिली. "लाकडी दार, जाड. कडी लोखंडी, आतून. बिजागऱ्या चार."

"तीन लावत्यात ताई."

"चार."

"साडेनऊ हजारावर जाईल."

"जाऊ द्या."

"आई आत पडली तर..." सत्यम पलंगावरून म्हणाला. त्या दिवशी नाकातोंडात गेलेल्या पाण्यानं आवाज अजून बसलेला होता.

"मी नाय पडत," भागूबाई म्हणाली.

कचरूनं कागदाची घडी घातली. जायला निघाला, चौकटीच्या खाचेशी थांबला, खाच हातानं मोजल्यासारखी केली. मोजायचं काही नव्हतं.

"पाणी दोन दिवस. टाइल्स चार. सुताराकडून दार यायला अजून चार-पाच. दहा-बारा दिवस धरा," तो तिला म्हणाला. मग पलंगाकडे न बघता, आवाज खाली घेऊन, "तवर चालंल का ताई, बिनदाराचं?"

सुरेखानं मेथीची जुडी उलटी केली आणि मुळं तोडायला घेतली.

"त्यांचं प्लास्टर दीड महिन्याचं आहे," ती म्हणाली. "दार पक्कं करा."