सूर्यमाळच्या झऱ्यावरची पट्टी

मी एक जुनी दुर्बीण आहे, पण चांदण्या पाहायची नव्हे. तीन पायांच्या घोडीवर बसून जमिनीचा चढउतार मोजणारी. माझ्या भिंगातून माणसं उलटी दिसतात, डोकं खाली आणि पाय वर. म्हणूनच मित्रांनो, कोणावर चटकन विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट ठाण्याच्या एका सल्लागार कंपनीत आले. रस्ते, बंधारे, नळयोजना यांचे आराखडे करून देणारी ती कंपनी. १९९८ साली जव्हारच्या एका गुरुजींची मुलगी हर्षदा तिथे इंजिनिअर म्हणून लागली. मला वाटलं, ही चार दिवसांची पाहुणी. पण ती मला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायची, माझं भिंग ओढणीने पुसायची. नवी गावं, नवे डोंगर, कुणाच्याही ओटीवर मिळणारी नाचणीची भाकरी, सगळ्याचं तिला भारी अप्रूप. कंपनीतल्या तिच्या वरच्या साहेबांचं मात्र मला कधी पटलं नाही. उन्हात राबायची ती आणि नकाशाखाली सही साहेबांची. शिवाय तारीख जवळ आली की त्यांची घाई सुरू.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल. वरच्या झऱ्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाड्याच्या टाकीत आणायचं होतं. पाड्यावरची सुकी आकड्यांची उंच पट्टी धरायला आली. झऱ्यापाशी झाडीत तिचे पाय दिसत नव्हते, पट्टीच तेवढी दिसत होती. आडोशाला उभी राहते, कामचुकार दिसते ही, असं मी मनाशी धरलं. उतार पुरेसा निघाला आणि साहेबांनी अहवाल पाठवूनही दिला.

हर्षदाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आकडा जरा जास्तच चांगला होता. पुढच्या खेपेला तिने विचारलं, "सुकीताई, पट्टी झऱ्यातच टेकवली होती ना?"

सुकी म्हणाली, "प्यायाचा पानी तो, बाई. त्यात पाय कसा घालू? वरच्या दगडावर उभी होते."

दगड कमरेएवढा. तेवढी उंची वजा केली, तर पाणी टाकीच्या अलीकडेच थांबणार होतं.

हर्षदाने मोखाड्याहून साहेबांना फोन लावला. "अहवाल गेला, विषय संपला," ते म्हणाले. "आपलं काम सल्ला द्यायचं. आणि तुझ्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, विसरू नकोस."

ती विसरली नाही. तरी रविवारी मला खांद्यावर घेऊन एसटीने आली. सुकीने पट्टीचं टोक धुतलं, दगडावर ओणवी झाली आणि वरूनच पाण्याच्या काठाला टेकवलं. टाकीची जागा पाड्याच्या खाली सरकवावी लागली. हर्षदाने नवे आकडे लेखी दिले. साहेबांना अहवाल बदलावा लागला आणि बढती दुसऱ्याच कोणाला मिळाली. मला साहेबांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त लाज माझी मला वाटली, कारण मी संशय घेतला तो सुकीचा.

पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरली. पहिला हंडा सुकीने भरला आणि हर्षदाच्या ओंजळीत ओतला.

आता नवी यंत्रं आलीत. मी कपाटात पडून आहे, भिंगाला बुरशी चढलीय. कोणी पुसलं तर बरं वाटेल. पण मित्रांनो, उद्या तुम्ही इंजिनिअर झालात, तर संशय आधी आपल्या आकड्यावर घ्या. आणि पट्टी धरणाऱ्याला विचारा, "ताई, तुम्ही कुठे उभ्या होतात?"